मधला आटा

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद मोठ्या भावाचा म्हणून देतो. मनापासून द्यायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

आगीत काय गेलं याचा आमच्या नगरपालिकेने फलक लावला आहे : ‘एक गोदाम, अंशतः.’ आमच्या नगरपालिकेला हा ‘अंशतः’ फार आवडतो. रस्तेही अंशतः करतात. खरा हिशेब मी सांगतो. सुताच्या गोदामाचं अख्खं छप्पर. आतला मोठा वजनकाटा, जो आपल्या आबांनी दुरुस्त केला होता आणि त्यानंतर ज्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. शेजारी कपडे शिवणाऱ्या बाईंची शिलाई मशिनं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांसकट. गल्लीतल्या लोकांची झोप, कारण आता कुणी काडी ओढली तरी म्हातारी माणसं उठून बसतात. आणि रखवालदाराचे दोन्ही हात, कोपरापर्यंत भाजलेले. यातलं अंशतः काहीही नाही.

बरं, हे आगीपायी गेलं म्हणावं तर तेही नाही. आग कुठेही लागते. हे गेलं एका आट्यापायी.

तुमचा बंब आला होता. सांगितलं का तुला कुणी? आमचा बंब गावाच्या त्या टोकाला रेल्वे फाटकात अडकलेला. कुणीतरी पलीकडे फोन केला. तुमच्या लोकांनी परवानगी-बिरवानगी न विचारता गाडी पुलावर घातली. सरहद्दीच्या नाक्यावरच्या आमच्या शिपायाने दांडा वर केला आणि तोंड नदीकडे फिरवून उभा राहिला, म्हणजे काही बघितलं नाही असं सांगता यावं. भर दुपारी तुमचा बंब आमच्या बंबाच्या आधी गोदामासमोर उभा. मी तिथेच होतो. टाकीतलं पाणी बघता बघता संपलं. मग तुमच्या लोकांनी पाइप ओढत आणला आमच्या रस्त्यावरच्या नळापाशी. आणि पाइपाचं तोंड नळावर बसेना. फिरवून बसवायचे तुमचे आटे बारीक, आमचे जाड. पोती गुंडाळली, हाताने दाबून धरलं, एक जण तर चक्क त्यावर बसला. पाणी रस्त्याला घोट्याएवढं झालं, आगीवर तांब्याभर पडलं नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून समोरचं गोदाम जळताना बघणं कसं असतं ते मला विचार.

तुमच्यातला एक मिशीवाला नळावर पान्हा आपटत रडकुंडीला आला होता. माझ्या शेजारी आमचे औषधदुकानवाले हाताची घडी घालून उभे. म्हणाले, ‘बघा, यांना साधा नळ लावता येत नाही.’ त्या माणसाच्या मिशा जळलेल्या दिसत होत्या तरी.

तेव्हा काम असं आहे. तुमच्या पाइपाच्या तोंडाचा एक नमुना मला पाठव. टाकाऊ, फुटका, कसाही चालेल. आटे शाबूत हवेत. मी एक तुकडा करणार आहे. एका बाजूने तुमचा पाइप, दुसऱ्या बाजूने आमचा नळ.

दादाला इतक्या वर्षांनी कागद सापडला असं म्हणू नकोस. सापडला नाही, विकत आणला. आणि समेटासाठी लिहीत नाही हेही आधीच सांगतो. तुमच्या पेपरातलं ते कात्रण माझ्या लेथच्या वर भिंतीला अजून आहे : ‘पलीकडे आटे अंदाजाने पाडतात : जलखात्याच्या फोरमनचे मत.’ फोटोत तू टाय घातला आहेस. कुणी बांधून दिला? गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? मी सांगतो, आमचे हितचिंतक.

अंदाजाने पाडतो, कबूल. पण माझ्या हातच्या जोडातून आजवर पाण्याचा थेंब गळलेला नाही. गावात कुणालाही विचार. माझा गळका जोड कुणी आणून दाखवला, तर मी त्याच्या घरी पाणी भरीन.

दादा


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर पोचलं. एक ओळ : ‘नमुना देणे नियमात बसत नाही, लेखी मागणी खात्यामार्फत करावी.’ खाली सही आणि शिक्का. सख्ख्या भावाला शिक्का मारून पत्र पाठवणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. माझ्या बायकोने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘भावजींचं अक्षर मात्र सुधारलंय.’ तुझी बाजू घ्यायला तिला काहीही पुरतं.

तर केली खात्यामार्फत मागणी. तिथे कळलं की या विषयासाठी आपल्या दोन्ही देशांची मिळून एक समितीच आहे. नळांचे आटे एकसारखे करायचे, हा तिचा उद्देश. ती कधी आमच्याकडे बसते, कधी तुमच्याकडे. आमचे लोक म्हणतात, तुम्ही नळ बदला. तुमचे म्हणतात, तुम्ही बदला. एकमत अजून एवढ्यावरच झालंय की जेवण चांगलं होतं. मी साहेबाला म्हटलं, ‘कुणीच काही बदलू नका. मधे एक तुकडा घाला.’ साहेब म्हणाला, ‘ते तात्पुरतं होईल.’ म्हटलं, ‘आग तरी कुठे कायमची असते?’

मग मी आमच्या सभापतींकडे गेलो. यांना गावात ‘माइक’ म्हणतात. हातात काही नसलं तरी मूठ तोंडापुढे धरून बोलतात. ‘एक नदी, एक माती, एक माणूस’ हे त्यांचं भाषण तूही ऐकलं असशील, वारा तुमच्या बाजूला असला की पोचत असणार. माझं ऐकून त्यांनी डोळेच मिटले. म्हणाले, ‘सेतू! हा तुकडा म्हणजे दोन हृदयांमधला सेतू!’ मी म्हटलं, ‘साहेब, हा पितळेचा जोड आहे. सेतू नदीवर आहे, त्याचे कठडे गंजलेत, ते आधी रंगवा.’ हसले. माणूस वाईट नाही, फक्त बोलायला लागला की त्याला उतार लागतो.

लोकांचं म्हणशील तर लोक काय म्हणतात ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. लेथ चालू असलं की माझ्या दुकानातल्या बाकावर बसलेल्यांना वाटतं याला ऐकू येत नाही. अरे, ज्याला लेथच्या आवाजाखालचं ऐकू येत नाही त्याने हत्यार बोथट झालं हे ओळखायचं कशावरून? तर बाकावर सगळं चालतं. तुम्ही लोक चिवट, तुम्ही लोक पाताळयंत्री, तुमच्याकडे चहात पाणी जास्त. आज बंब पाठवतील, उद्या आमचं पाणी नेतील. हे शेवटचं औषधदुकानवाल्यांचं. आणि पाच मिनिटांनी तेच मला विचारतात, ‘पूल संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो हो? माझा चष्मा तिकडे टाकलाय. तिकडचा कारागीर काच फार सुरेख घासतो.’

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती, हातात ती काचेची पाटी. सगळ्या भागात फिरून लोकांची मतं घेतेय. ‘शेजारच्या देशाबद्दल आपलेपणा वाटतो का? खूप, थोडा, अजिबात नाही.’ बाकावरच्या सगळ्यांनी छाती काढून ‘अजिबात नाही’ सांगितलं. चहावाला आधी ‘खूप’ म्हणाला, मग सगळ्यांची तोंडं बघून ‘थोडा’वर आला. मी तिला विचारलं, ‘बाळ, माझा सख्खा भाऊ तिकडे आहे आणि आम्ही बोलत नाही. याला कुठल्या खान्यात टाकशील?’ तिने पाटी खालवर केली, म्हणाली, ‘काका, असा खाना नाही.’ म्हटलं, मग ‘थोडा’ लाव. तूही तेच लावलं असतंस असं मी धरून चाललो.

आता एक गोष्ट, जी पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिली नव्हती. रखवालदार म्हणजे आपला मामा. कामावरून निवृत्त झाल्यावर तो तिथे बसायचा, तुला ठाऊक नसेल. शिवणवाल्या बाईंचं मशीन बाहेर काढायला आत गेला आणि छपराचे पत्रे खाली आले. लिहिलं नाही, कारण मामाचे हात दाखवून तुझ्याकडून आटा उकळला असं मला व्हायला नको होतं. म्हटलं, तू आट्यासाठी आटा देतोस का ते बघू. नाही दिलास. तर आता ऐक : मामाचे हात कापडात गुंडाळलेले आहेत, त्याला घास भरवावा लागतो, आणि तो भरवणाऱ्याच्या घास करण्याच्या पद्धतीला नावं ठेवतो. म्हणजे तब्येत सुधारते आहे.

नमुना पाठव. शिक्का मारून पाठवलास तरी चालेल.

दादा


९ मार्च

बारक्या,

नमुना मिळाला. मिशीवाल्याने स्वतः नाक्यापर्यंत आणून शिपायाच्या हातात दिला; शिपायाने पुन्हा नदीकडे तोंड फिरवलं. या वेळी त्याची मान अवघडली असेल, कारण आगीच्या दिवशी दांडा वर केल्याबद्दल त्याला नोटीस आली आहे. पुढच्या वेळी कागद असल्याखेरीज दांडा हलणार नाही, असं त्याला लिहून द्यावं लागलं. म्हणजे पुढच्या आगीला तुमचा बंब पुलाच्या मधे उभा राहून आमच्याकडे बघणार आणि आमचा तुमच्याकडे. मी या कामाला का हटून बसलोय ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

नमुन्याबरोबर चिठ्ठी नव्हती. फडक्यात मात्र नीट गुंडाळला होतास, आटे आतल्या बाजूला, आबा गुंडाळायचे तसा. बायको म्हणाली, ‘हीच चिठ्ठी.’ मी फडक्याची घडी करून खिशात ठेवली.

आता ठरलंय ते असं. दोन्हीकडच्या नगरपालिका एका करारावर सही करायला तयार आहेत : आग लागली की कुणाचाही बंब कुठेही जाईल, दांडा न विचारता वर होईल. पण आधी जोड चालतो हे दाखवायचं. अठ्ठावीस तारखेला सकाळी, पुलाच्या मधोमध, दोन्हीकडच्या लोकांसमोर. आमच्या नळाचं पाणी, तुमचा पाइप, मधे आपला तुकडा. तुमच्या बाजूला ठेवलेलं पिंप भरायचं. चाललं तर तिथेच सह्या. फसलं तर विषय दोन्हीकडे पुढच्या निवडणुकीपर्यंत बंद, आणि निवडणुकीत कोण काय बोलून निवडून येतं ते आपण दोघांनीही पाहिलंय.

यात पाचर अशी की आमच्या सभेत कुणीतरी उठून म्हणालं, आमच्या नळाला लागणारी वस्तू परक्या देशात का करायची? तुमच्या सभेतही, मला कळलं, अगदी हेच वाक्य कुणीतरी म्हणालं. अशा बाबतीत आपल्या दोन देशांचं किती जमतं बघ. म्हणून तुकडा दोन भागांत करायचा. आमच्या नळाचा भाग मी करायचा, तुमच्या पाइपाचा तू. दोन्ही भाग मधे एकमेकांत बसणार. मी बाहेरचे आटे पाडतो, तू आतले पाड.

मधला आटा कुठला, यावर माझ्याकडे दोन साहेब येऊन भांडून गेले. तुमचा घेतला तर आमची मानहानी, आमचा घेतला तर तुमची. मी म्हटलं, तिसराच घेऊ. आबांचा. वजनकाट्यांना, पंपांना, त्या जुन्या तेलाच्या घाण्याला ते पाडायचे तो. कुठल्याच देशाच्या पुस्तकात नाही, म्हणून कुणाचीच हरकत नाही. त्याचं माप लिहून पाठवत नाही, कारण ते कधी कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. तुझ्या हाताला ते आहे. आबांच्या समोर उभं राहून आपण दोघांनी तेच तर गिरवलं. वाटलंच तर आईच्या पितळी पिंपाची तोटी आठव.

माझा अर्धा भाग तुझ्याकडे पाठवून जुळवून बघावं असं मनात होतं. नाक्यावर नेला. तिथल्या अधिकाऱ्याने तो उलटासुलटा केला, आतून बघितलं, एका डोळ्याने आकाश बघितलं. ‘हे काय आहे?’ म्हटलं, जोडाचा अर्धा भाग. ‘यादीत नळ आहे, पाइप आहे, यंत्राचा सुटा भाग आहे. अर्धा जोड नाही. पूर्ण झाल्यावर आणा.’ म्हटलं, ‘साहेब, पूर्ण व्हायला तो पलीकडे जायला हवा.’ ‘मग पलीकडे गेल्यावर आणा,’ म्हणाला. तेव्हा दोन्ही भाग एकमेकांना पहिल्यांदा पुलावरच भेटणार, वधूवरांसारखे. मला काळजी नाही. आटा आबांचा आहे.

मामाला सांगितलं तू करतोयस म्हणून. ‘त्याला म्हणावं कानस घासताना घाई करू नको’ एवढंच म्हणाला. तुझ्या लहानपणापासून तो हेच म्हणत आलाय.

दादा


३० मार्च

बारक्या,

परवा पुलावर तू होतास, तरीही लिहितो. कारण तू पाण्याच्या त्या बाजूला होतास, आणि या बाजूने काय दिसलं ते तुला कोण सांगणार?

तुला दुरून येताना बघितलं. टाय नव्हता. तुझे केस गेलेत रे. फोटोत इतके गेलेले दिसत नव्हते. जवळ येऊन तू खिशातून फडकं काढलंस, मीही काढलं. लोकांना वाटलं हा काही विधी असावा; ‘माइक’ लगेच म्हणाले, ‘बघा, बघा.’ भाग भागात फिरवला. गुळगुळीत गेला. फारच गुळगुळीत गेला, हे मला हाताला कळलं होतं. पण समोर दोन गावं उभी, डोक्यावर ऊन, आणि सभापती मूठ तोंडाशी धरून ‘दोन हृदयं’पर्यंत येऊन ठेपलेले. म्हटलं, मधलं रबरी वायसर सांभाळून घेईल.

वायसर बिचारं काय सांभाळणार? आटे सैल म्हटल्यावर ते तिरकं बसलं, पाण्याचा जोर आला आणि बाहेर उडालं. पुढचं तुला ठाऊक आहे. आमचे सभापती नखशिखान्त ओले. तुमच्या नगराध्यक्षबाईंचा चष्मा नदीत. औषधदुकानवाले ‘मी म्हटलं नव्हतं!’ म्हणायला तोंड उघडून बसले, तेव्हा त्या तोंडातही गेलं. मग तुमच्या बाजूने कुणीतरी फस्सकन हसलं, आमच्या बाजूने कुणीतरी, आणि मग कुठली बाजू कुठली ते कळेना. इतका मोठा पूल, इतकी वर्षं उभा आहे. त्याच्यावर दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीला हसलेली मी पहिल्यांदा बघितली. हसली आपल्याला, हा भाग वेगळा.

मी हसत नव्हतो. तूही नाही. तू माझ्याकडे बघितलंस.

‘दादा, तू केस सोडलास?’

‘सोडणारच. तू?’

‘मीही.’

इतक्या वर्षांनी आपलं पहिलं बोलणं हे. जवळच्या लोकांना काही कळलं नाही, आणि कळणार तरी कसं? आबांनी शिकवलेलं त्यांना कुठे ठाऊक? ‘समोरचा भाग करणारा आपल्याइतका नीट असेल असं धरू नये. केसभर जागा सोडावी. त्याची चूक आपल्या भागात मावली पाहिजे.’ आबांना आयुष्यभर समोर कच्चे कारागीरच भेटले, म्हणून त्यांचं चाललं. आबांच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं एकमेकांसमोर कधी बसतील हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. मी तुझ्यासाठी केस सोडला, तू माझ्यासाठी. दोन केसांतून अख्खी नगरपालिका भिजली. आपण एकमेकांना कच्चं धरलं, की एकमेकांची सोय बघितली? मी अजून ठरवलेलं नाही. तूही घाईने ठरवू नकोस.

तुमचे पाहणी करणारे साहेब कागदावर ‘अयशस्वी’ लिहायला लागले होते, मी तिरका उभा राहून वाचलं. त्यांना म्हटलं, ‘शाई वाळू द्या, आम्ही पाणी बंद केलेलं नाही, थांबवलंय.’ मला सुतळी हवी होती, ताग हवा होता, काहीही हवं होतं. पुलावर माणसं हजारोंनी आणि आट्याला गुंडाळायला एक धागा नाही. आणि तू सरळ सभापतींसमोर जाऊन उभा राहिलास. ते हातात कात्री घेऊन, भिजलेल्या कपड्यांत, आडव्या बांधलेल्या फितीसमोर उभे. तू म्हणालास, ‘फीत द्या.’

ते म्हणाले, ‘अहो, ती कापायची आहे.’

‘कापा ना मग. लवकर कापा.’

त्यांनी कापली. कुणी टाळी वाजवली नाही. इतकं घाईचं उद्घाटन मी पाहिलेलं नाही. तू फीत आट्यांवर गुंडाळायला लागलास, मी टोक धरलं. उलट्या दिशेने गुंडाळत होतास, मी सांगितलं. तू म्हणालास, ‘माझ्या बाजूने हीच सुलट आहे.’ खरं होतं. मग भाग भागात घातला, मिशीवाल्याने पान्हा लावला, आपण तिघांनी ओढला. पाणी सोडलं. पाइप फुगला, तट्ट झाला, तुमच्या बाजूचं पिंप भरून वाहायला लागलं.

साहेब खाली वाकले. म्हणाले, ‘गळतंय.’

आमचे बंबप्रमुख आजवर सभेत एक शब्द बोललेले नाहीत. ते म्हणाले, ‘साहेब, आग विझवायची आहे. दूध नाही न्यायचं.’

सह्या झाल्या. ओल्या कागदावर झाल्या, पण झाल्या. तुझा परवाना पुलाच्या मध्यापर्यंतचाच, माझाही. तू तुझ्या टोकाकडे गेलास, मी माझ्या. मागे वळून बघितलंस का? मी बघितलं नाही, म्हणून विचारतो.

इथे आल्यावर बाकावर काय झालं ते सांगतो. औषधदुकानवाले सगळ्यांना सांगताहेत की फीत आपल्याकडची होती, तिच्यामुळेच जमलं. तुमच्याकडे काय सांगताहेत? कळव.

दादा


७ एप्रिल

बारक्या,

उत्तर मिळालं. शिक्का नाही, चार पानं. तुमच्याकडे सांगताहेत की कल्पना तुमच्या फोरमनची होती. असू दे. बायकोने मोठ्याने वाचलं, मामा ऐकत होता.

तू लिहितोस की कात्रणातलं तू खरंच बोलला होतास, मागे घेणार नाहीस, कारण ते खरं आहे : पलीकडे आटे अंदाजानेच पाडतात, आबाही तसेच पाडायचे, आणि तू त्यांच्याकडून सुटून मोजमाप शिकायला गेलास. बरं. हे तू पेपरवाल्याच्या आधी मला सांगितलं असतंस तर मीही भांडलो असतो, पण घरात भांडलो असतो. तुझ्या वाक्याने मला लागलं नव्हतं रे. मला लागलं ते ‘पलीकडे’. इथे होतास तोवर आपण ‘आपल्याकडे’ म्हणायचो.

तुझा भाग केस न सोडता नव्याने कापतो म्हणतोस. हात लावू नकोस. कारण मीही माझा नव्याने कापायला घेतला होता. दोघांनीही केस सोडला नसता तर पुढच्या आगीला जोड बसलाच नसता. बंबप्रमुखांना हे सांगितलं तर त्यांनी दोन्ही भाग माझ्या हातातून काढून घेतले. म्हणाले, ‘चालतंय ते चालू द्या. तुम्ही दोघे भाऊ सुधारायला लागलात की मला भीती वाटते.’ फीत मात्र त्यांनी काढून तिच्याजागी चांगला ताग घालायला मला परवानगी दिली.

नाक्यावरही नोंद झाली आहे. यादीत जोड नव्हताच; शेवटी अधिकाऱ्याने विचार करून लिहिलं : ‘घरगुती सामान.’

दादा


२१ जून

बारक्या,

तुमच्या लाकडाच्या वखारीची बातमी आमच्या पेपरात आली : ‘शेजाऱ्यांच्या मदतीला धावला आपला बंब.’ तुमच्या पेपरात काय आलं ते पाठव, शेजारी-शेजारी चिकटवतो.

शिपायाने दांडा वर केला आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. उलट सलाम ठोकला. मी बंबावर मागे उभा होतो. ‘जोडवाला’ म्हणून माझं नाव कागदावर आहे, त्यामुळे या वयात मला दुसऱ्या देशात शिडी धरून जाता आलं. मधे आपला जोड घातला, तुमच्या नळाला आमचा पाइप लागला. ताग धरून राहिला. वखार वाचली म्हणत नाही, पुढचा ढीग गेला. पण मागची घरं उभी आहेत, आणि त्यातलं कोपऱ्यावरचं तुझं आहे हे मला तू दार उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं. अंगावर राख, हातात पान्हा. तुझ्या बायकोने आधी मला पाणी दिलं, मग ओळखलं. हा क्रम मला आवडला.

तुमच्याकडच्या चहात पाणी जास्त नसतं. बाकावर सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

मामा रविवारी येतोय तुझ्याकडे, परवाना मिळाला. हात उघडे झालेत, कातडी गुलाबी आहे, कप दोन्ही हातांनी धरतो. त्याला घरी ठेवायला जागा कर आणि घास नीट कर. तुझा आटा आणि माझा आटा यांच्यातून त्याचं बोट जाईल असं तो सगळीकडे सांगत फिरतो, तिकडेही सांगेल.

ती पाटीवाली मुलगी पुन्हा आली होती. तेच प्रश्न. बाकावरच्यांनी या वेळी बराच वेळ घेतला. चहावाला ‘थोडा’, दोघे-तिघे ‘थोडा’, औषधदुकानवाले ‘अजिबात नाही’, आणि नवा चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, बाळ, तो भाऊवाला खाना केला का? म्हणाली, वरून मंजूर झाला नाही. पुढच्या वर्षी ये म्हटलं. त्या प्रश्नाला खाना मिळेपर्यंत मी सोडणार नाही, आणि तोवर दुसऱ्या जोडाचं काम काढतो. वरच्या धरणाजवळच्या दोन गावांनी विचारलंय. तू आतले पाड, मी बाहेरचे. केस कुणी सोडायचा ते आधी ठरवू. मला वाटतं आळीपाळीने.

कात्रण काढलेलं नाही. डिंक फार लावला होता.

आपला जोड आता पुलाच्या आमच्याकडच्या तोंडाशी, नळावर कायमचा बसवून ठेवला आहे, म्हणजे तुमचा बंब केव्हाही येवो, पाइप लावला की झालं. तो गळतो. खाली बादली ठेवली आहे, सकाळपर्यंत भरते. ती रोज मी रिकामी करतो.

दादा